पायांवरचं बाळ

गडहिंग्लज,
९ डिसेंबर २०२४

चि. संघप्रिया हिला आत्याचा जयभीम.

तू पाठवलेलं कानाचं मशीन पोचलं. घालून बघितलं. चिमण्या अजून आहेत म्हणायच्या, मला वाटलं होतं गाव सोडून गेल्या. वरच्या गल्लीतल्या तानाबाईचा आवाज एवढा घोगरा आहे हेही आजच कळलं. इतकी वर्षं तिला गोड गळ्याची समजत होते, तेच बरं होतं.

फोनवरचं मात्र मशीन घालूनही कळत नाही. पाण्यातून बोलल्यासारखं येतं. तेव्हा तू पत्रच लिही. तुझा बाप, आपला बाबासो, नोकरीला कोल्हापूरला गेला तेव्हापासून आपल्या घरात पत्रं लिहायची चाल आहे. सातवी पास झालेली या गल्लीतली पहिली पोरगी मी, आणि बाबासोला सगळ्यांत जास्त कौतुक माझ्या अक्षराचं. तुझं अक्षर वाचायला मात्र मला औषधाच्या दुकानात जावं लागतं. जरा नीट काढ.

मशीन आल्याचं मी कुणाला सांगितलं नाही आणि तूही सांगू नकोस. पदराखाली झाकतं. बहिऱ्या बाईच्या पायांवर पोर कोण देईल? निम्म्या गावाला मी न्हाऊ घातलं आहे, तुलाही घातलं आहे. एवढं एकच काम हातात उरलं आहे, तेवढं राहू दे.

सध्या एकच घर आहे, तानाबाईचंच. तिच्या पृथ्वीराजला मुलगी झाली आहे, मनाली नाव ठेवलं. सून स्नेहल बावीसची असेल, आई लहानपणीच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण असून सासरीच झालं. मला आक्का म्हणते आणि मागं मागं करते. याच घरात माझ्या आईला पाणी लांबून ओतायचे. आता त्यांची नात माझ्या पायांवर पालथी पडते आणि तानाबाई स्वतःच्या हातानं मला चहा देते. बाबासो असता तर पोट धरून हसला असता.

मशीन न्हाऊ घालताना काढते, डबीत घालून कोनाड्यात ठेवते. पाणी लागू द्यायचं नाही असं तूच लिहिलं होतंस. स्नेहल दारात उभी राहून काहीतरी बोलत असते. मी मान हलवते, मग ती आत जाते. आई नसलेल्या पोरींना बोलायची भूक असते.

पोर मात्र चार-पाच दिवस किरकिरं झालं आहे, उचललं की कळवळतं. तानाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी असलं मानत नाही, आपण बाबासाहेबांची माणसं. अंग आखडलं आहे, दुसरं काही नाही. जरा जास्त चोळते आहे. होईल मोकळं.

तू जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या,
बायडाबाई

कोल्हापूर,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या, जयभीम.

अक्षर नीट काढते आहे, बघ. एका ओळीला एक मिनिट लागतं.

मशीन घालत जा. कोनाड्यातल्या डबीला ऐकू येऊन काय उपयोग?

उत्तराला उशीर झाला, कारण या आठवड्यात मन ठिकाणावर नव्हतं. तुला माझं काम माहीत आहे. लहान मुलांच्या एक्स-रे फिल्म मी वाचते. माझ्या खोलीत माणूस येत नाही, त्याचा फोटो येतो. आणि मी नाव, गाव, काय झालं, यातलं काही आधी वाचत नाही. मला तसंच शिकवलं आहे. गोष्ट आधी ऐकली की डोळा त्या गोष्टीसारखं बघायला लागतो. आधी हाडं, मग माणूस.

बुधवारी तान्ह्या बाळाची फिल्म आली. मांडीच्या हाडाचा गुडघ्याजवळचा कोपरा निघालेला. म्हणून सगळ्या अंगाचे फोटो काढायला लावले, तर पाठीमागं मणक्याला लागून फासळ्या तुटलेल्या. काही ताज्या, काही जुळत आलेल्या. म्हणजे एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जे बाळ अजून कुशीवर वळत नाही ते पडून पडून कुठं पडणार? फासळ्या तिथं तुटतात त्या छाती दोन्ही हातांत धरून आवळली की. लेकराचं सबंध अंग माझ्यासमोर उजेडात लावलं होतं आणि मला त्यावर ते हात दिसत होते.

खाली वॉर्डात विचारलं, आई काय म्हणते? म्हणाले, "माहीत नाही" एवढंच म्हणते. मारणारी माणसंही हेच म्हणतात, आत्या. मुलगी आहे म्हणे. मला राग आवरला नाही. मी लिहून दिलं, मोठ्या माणसाच्या हातांनी, जोर लावून, एकाहून जास्त वेळा झालेली इजा, आणि घरातल्या माणसाकडून मारहाणीचा दाट संशय. पोलीस आले. मूल सुरक्षित जागी जाईल. एका लेकराला तरी वाचवलं, असं स्वतःला सांगते आहे, तरी घास उतरत नाही.

तुझ्या हातांची आठवण आली. आई म्हणायची, तू न्हाऊ घातलंस की मी तीन तास झोपायची. त्या लेकराला असे हात मिळाले असते तर!

तुझी,
संघप्रिया

गडहिंग्लज,
३ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिला आत्याचा जयभीम.

इथं आकाश कोसळलं आहे. तुझं पत्र आलं त्याच्या आधीच कोसळलं होतं, पण मी वेडी, तुझं पत्र वाचून मला काही उमगलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. तू लिहिलंस ते लेकरू आमच्या मनालीसारखंच. एकाच आठवड्यात दोन लेकरं, काय दिवस आले आहेत बघ.

मनालीचा पाय हलेना म्हणून इथल्या डॉक्टरनं कोल्हापूरला पाठवली. तिथल्या कुठल्यातरी डॉक्टरनं लिहून दिलं की घरच्यांनी मारलं. पोलिसांची गाडी गल्लीत आली. पृथ्वीराजला दोन दिवस चौकीत बसवलं. पोर आता कोल्हापूरच्या शिशुगृहात आहे, पायाला प्लास्टर. आई म्हणून स्नेहलवर सगळ्यांत जास्त संशय. तिला एकटीला पोरीजवळ जाऊ देत नाहीत, कुणीतरी समोर बसतं आणि मग भेट. तानाबाईनं तिला बापाकडं पाठवून दिलं. गल्ली म्हणते, पहिली मुलगी झाली म्हणून सासूचं टोचणं आणि सुनेचा राग, दोन्ही पोरीवर निघालं. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

जायच्या आधी ती माझ्याकडं आली होती. छाती दुधानं भरून दगडासारखी झाली होती, पदर भिजलेला. ती पिळून मोरीत दूध टाकते. मी बघितलं आणि मला बघवलं नाही.

संघप्रिया, ही पोरगी तशी नाही. मुंगीवर पाय पडला तर चुकचुकणारी आहे. मी पोलिसांनाही सांगायला गेले. साहेब विचारत होता, घरात कोण कोण राहतं. मी घरात राहत नाही, म्हणून मला काही विचारलं नाही. बाजूला व्हा म्हणाला.

ज्यानं ते लिहून दिलं त्याचे हात झडोत. खोलीत बसून फोटो बघायचा आणि आईपासून लेकरू तोडायचं, याला विद्या म्हणायची का? तो तुझ्याच दवाखान्यातला असणार. त्याला शोध आणि सांग की माझ्या आत्यानं त्या घरात रोज दीड-दोन तास काढले आहेत, तिला विचार.

तुझ्यावर भरवसा आहे.

तुझी आत्या

कोल्हापूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय आत्या, जयभीम.

तो डॉक्टर मीच.

दोन लेकरं नाहीत, एकच आहे. त्या बुधवारी माझ्यासमोर लावलेली फिल्म मनालीची होती. काल कागद काढून गाव बघितलं. माझं नाव खाली सहीला आहे. तुझा शाप बरोबर पत्त्यावर आला, त्याचं मी काही म्हणत नाही.

पण हाडांनी जे दाखवलं ते खोटं नाही. त्या फासळ्या तुटल्या आहेत, ते कुणाच्या तरी हातांनी झालं आहे. तू म्हणतेस स्नेहल नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवते, म्हणून मला आता गोष्ट ऐकायची आहे, जी मी आधी कधी ऐकत नाही. रक्ताची तपासणी करायला सांगितली आहे, बाळाची हाडं मुळातच कमजोर आहेत का ते कळेल. तोवर तू मला एवढं लिही. बाळाला न्हाऊ कसं घालतेस ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हात कुठं धरतेस, किती जोर लावतेस. बाळ किरकिरं झाल्यावर काय बदललंस. मशीन कानात असतं का. आणि स्नेहल दारात उभी राहून काय बोलायची, ते कधी विचारलंस का.

काही वगळू नकोस. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस.

मी जेवते आहे वेळेवर.

तुझी,
संघप्रिया

गडहिंग्लज,
१४ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिला आत्याचा जयभीम.

शाप मागं घेतला. बोलून गेलेला शब्द मागं घेता येत नाही म्हणतात, पण आत्याला येतो. तूच आहेस हे कळल्यावर उलट धीर आला. आपलं माणूस आहे, चूक सुधारता येईल. काल भोगीची भाकरी केली, तुझी आठवण काढली.

तू न्हाऊ घालण्याचं विचारलंस ते बरं केलंस. साहेबांना कळू दे की पोरीची किती निगा होती. मारणाऱ्या घरात कुणी एवढं करतं का?

तर ऐक. मी पाटावर बसते, पाय लांब सोडते, पोर पायांवर घेते. आधी तेल. टाळू भरायची. मग छाती. दोन्ही पंजांत धरायची, अंगठे पुढं, बोटं मागं पाठीवर, आणि दाबत दाबत वरून खाली यायचं. त्यानं छाती भरते, कफ धरत नाही. मग हातांची अढी, उजवा हात डाव्या पायाला, डावा उजव्याला. मग पालथं घालून पाठ. मग डाळीचं पीठ आणि कढत पाणी. शेवटी दोन्ही पाय एका हातात धरून उलटं लोंबतं करायचं आणि झटके द्यायचे, त्यानं पाय सरळ होतात आणि भीती मोडते. मग धुरी आणि गुंडाळून ठेवायचं. माझ्या आईनं मला शिकवलं, तिला तिच्या आईनं. तुझेही पाय असेच सरळ झाले. एकही पोर माझ्या हातून वाकडं गेलेलं नाही.

ती किरकिरी झाल्यावर छातीवरच जास्त वेळ घेतला. म्हातारपणानं बोटांना आता पूर्वीसारखं कळत नाही, म्हणून जरा जास्त दाबावं लागतं.

मशीन कोनाड्यातच असतं, ते मागेच लिहिलं आहे. त्यानं काही अडत नाही. पोर रडतं ते मला दिसतं की. तोंड उघडं, जीभ थरथरते, लाल होतं. सगळीच रडतात, रडल्यानं छाती मोकळी होते. स्नेहल काय बोलायची ते नाही विचारलं. तानाबाई तिला हाताला धरून आत न्यायची एवढं आठवतं. बाळंतिणीनं वाऱ्यात उभं राहू नये म्हणून नेत असेल.

आता तू लिहून टाक की आई निर्दोष आहे. साक्षीदार लागला तर माझं नाव घाल. मी एसटीनं येईन, मशीन घालून येईन, पदराखाली झाकणारसुद्धा नाही.

तुझी आत्या

कोल्हापूर,
२१ जानेवारी २०२५

प्रिय आत्या, जयभीम.

रविवारी मी आले होते ती हे सांगायला आले होते. तू चुलीवर भाकरी टाकलीस, मी आवडीनं खाते म्हणून खर्डा केलास, माझ्या पानात तूप वाढत राहिलीस. मी तुझ्या हातांकडं बघत बसले आणि तशीच परत आले. तुला वाटलं मी थकले आहे. तुझ्यासमोर जे तोंडातून निघालं नाही ते आता लिहिते.

आत्या, फासळ्या न्हाऊ घालताना तुटल्या. अंगठे पुढं, बोटं मागं, तू लिहिलंस तसंच. जिथं तुझी बोटं येतात तिथंच हाडं तुटली आहेत. पाय उलटा धरून झटका देताना गुडघ्याजवळचा कोपरा निघाला. रक्ताचा रिपोर्ट आला, बाळाच्या अंगात ड जीवनसत्त्व फार कमी आहे, हाडं मऊ होती. दुसऱ्या एखाद्या लेकरानं हे सोसलं असतं, मी सोसलं. तिनं नाही सोसलं. मग दुखायला लागलं म्हणून ती कळवळली, आणि तुला वाटलं अंग आखडलं आहे, म्हणून तू आणखी दाबलंस.

तू मारलं नाहीस. तुझ्याइतक्या मायेनं तिला कुणी हात लावला नसेल. पण ते रडणं वेगळं होतं. ज्याला ऐकू येतं त्याला ते कळलं असतं. स्नेहलला कळत होतं असं मला वाटतं.

ही गोष्ट फक्त तुझ्या पत्रांत आहे. मी गप्प बसले तर कुणालाही कळणार नाही. एक पूर्ण दिवस मी हा विचार केला, ते तुझ्यापासून लपवत नाही. आपल्या माणसानं त्या घरच्या पोरीची हाडं मोडली असं गल्लीत झालं तर काय काय बोललं जाईल, त्याचाही केला. पण मी गप्प बसले तर स्नेहल जन्मभर लेकराला मारणारी आई होऊन राहील, आणि मनाली आईविना वाढेल. स्नेहलची आई गेलेली आहे, मनालीची आपण काढून घ्यायची?

माझ्या अहवालातला मोठ्या माणसाच्या हातांचा, जोराचा, पुन्हा पुन्हा झालेल्या इजेचा प्रत्येक शब्द खरा होता. "घरातल्या माणसाकडून मारहाण" हे मी रागानं लिहिलं. न्हाऊ कोण घालतं, हा एक प्रश्न खाली जाऊन विचारला असता तर पुरे होता. हा माझा दोष आहे आणि मी तो लिहून देणार आहे.

येत्या मंगळवारी मी बालकल्याण समितीपुढं सगळं सांगेन. तू माझी आत्या आहेस हेही सांगेन, त्यामुळं ही केस माझ्याकडून काढून दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडं जाईल. ते बरोबरच आहे. तुला बोलावतील. काय करतील ते मला माहीत नाही. तुझी पत्रं मी तुला विचारल्याशिवाय दाखवणार नाही. पण बोलावणं येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, परक्याकडून नको.

मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क आहे का, कळत नाही.

तुझी,
संघप्रिया

गडहिंग्लज,
१६ मार्च २०२५

चि. संघप्रिया हिला आत्याचा जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही. हात उचलत नव्हता. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही वाचली. रागावले नाही. सुरुवातीला रागावले होते, दोन दिवस. तुझं ते पत्र चुलीत घालायला घेतलं आणि मग नाही घातलं.

समितीनं मला बोलावलं त्या दिवशी तू बाहेर बाकावर बसली होतीस, तुला आत येऊ दिलं नाही. आत काय झालं ते मी एसटी स्टँडवर तुला सांगितलं नाही, आता सांगते. मॅडम चांगल्या होत्या. बसा आजी म्हणाल्या, पाणी दिलं. तुमची पत्रं बघू का, असं विचारलं. मी पिशवीत तुझी घेऊन गेले होते, माझी तुझ्याकडं आहेत म्हणाले, खुशाल बघा. मग एक रबरी बाहुली दिली आणि म्हणाल्या, कसं करता ते करून दाखवा. मी खुर्चीवरून खाली बसले, पाय सोडले, बाहुली घेतली. छातीवर हात ठेवले आणि मशीन कानात होतं, तर शेजारच्या खोलीत कुणाचं तरी पोर रडलं. माझे हात तिथंच थांबले. बाहुली तशीच खाली ठेवली. पुढचं तोंडानं सांगितलं. एक पोलीस बाई लिहून घेत होती. बोलावलं की यायचं म्हणाले आहेत, दोनदा जाऊन आले. केस होईल की नाही ते ठरलेलं नाही. होऊ दे.

मनाली परत आली हे तुला समितीकडून कळलंच असेल. दुसऱ्या डॉक्टरांनीही तुझ्यासारखंच, न्हाऊ घालताना झालं असं, लिहिलं म्हणे. स्नेहल पोरीला घेऊन सासरी आली आहे. दूध मात्र आटलं ते आटलं. वाटी-चमच्यानं पाजते.

मी परवा त्यांच्याकडं गेले. तू नको म्हणाली असतीस, म्हणून आधी कळवलं नाही. दारातच उभी राहिले. तानाबाई बाहेर आली. चहा राहू दे, पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आमी तुमास्नी माणूस म्हणून घरात घेतलंतं." मी म्हणाले, व्हय. दुसरं काय म्हणणार? एका वाक्यात तिनं माझ्या आईच्या काळात नेऊन उभं केलं, आणि यावेळी मला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. हे दुखलं, संघप्रिया. फासळ्यांचं दुखणं वेगळं, हे वेगळं. दोन्ही माझंच.

मग आतून स्नेहल आली, पोर कडेवर. वाळली आहे फार. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि रडायला लागली. मशीन कानात होतं. त्या लेकराला मी दोन-अडीच महिने न्हाऊ घातलं आणि तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. स्नेहल म्हणाली, परकं माणूस बघून रडत असेल, आता सगळ्यांनाच रडते, मलापण चार दिवस रडली. माझ्या समाधानासाठी म्हणाली ते मला कळलं.

मी तिला विचारलं, दारात उभी राहून काय बोलायचीस तू?

ती खाली बघून म्हणाली, "म्या रोज म्हणायची, आक्का, दमानं. जरा दमानं घ्या. सासूबाई म्हणायच्या, तू गप, त्यास्नी शिकवू नगंस. आन तुमी मान हलवायचा. मला वाटायचं, तुमास्नी ठावं हाय."

मला ठाऊक नव्हतं गं. माझी मान हलत होती आणि ती पोरगी भरवशानं आत जात होती. पोलिसांनाही तिनं माझं नाव सांगितलं नाही, कारण तिला वाटलं ज्यांना सगळं कळतं त्यांच्या हातून असं होणार नाही. बहिरेपण लपवलं ते कामासाठी लपवलं, कामाला कमीपणा नको म्हणून. तू माझ्यावर चिडत का नाहीस?

आता तुझं. तू नोकरी सोडायचा विचार करते आहेस असं दुसऱ्या पत्रात लिहिलंस. सोडू नकोस. तुझ्या फोटोनं ते दाखवलं नसतं तर मी त्या लेकराला रोज पायांवर घेतच राहिले असते, आणि पुढं काय झालं असतं ते मनात आणवत नाही. फक्त फोटो बघून झाला की खोलीतून उठून खाली जात जा. आईला विचारत जा, बाई, न्हाऊ कोण घालतं. आणि तिथं माझ्यासारखी एखादी म्हातारी असली तर तिच्या कानाशी जाऊन बोल.

पाट मी बंबाखाली जाळला. परवाच खालच्या गल्लीतून बोलावणं आलं होतं, त्यांना अजून कळलेलं नाही. मी त्यांना सांगितलं, मला ऐकू येत नाही. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

मशीन आता दिवसभर कानात असतं. गल्लीत कुठंही पोर रडलं की मी हातातलं टाकून उभी राहते. कुणाचं आहे, का रडतं आहे, भुकेनं की दुखून, ते ऐकते. मग ते गप्प होतं आणि मी पुन्हा खाली बसते.

सुटी मिळाली की ये. खर्डा करते.

तुझी आत्या,
बायडाबाई